एफडी मोडण्याआधी पोस्टिंग बघा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान सैन्यात नाईक, नुकतेच फील्ड पोस्टिंगवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी गेलेत. दोन-अडीच वर्षं ताई सोलापुरातच राहणार. शिक्षण बीएस्सी, मुलगा चार वर्षांचा. पुण्याच्या एका क्लासचा दीड लाखाचा ऑनलाइन डेटा अ‍ॅनालिटिक्स (आकडेवारीचं विश्लेषण) कोर्स करू, की बीएड? त्यासाठी तीन लाखांची एफडी मोडू का?

ताई, बीएड करा. पगार डेटाच्या नोकरीत जास्त, हे कबूल. पण बीएड घरी बसून होत नाही. दोन वर्षं कॉलेजला जावं लागतं, तासांना ८०% आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९०% हजेरी लागते. पुढच्या पोस्टिंगला क्वार्टर (सरकारी घर) मिळाली आणि तुम्ही तिकडे गेलात की ते जमणार नाही. म्हणून सोलापुरात आहात तोवरच ते उरका. कॉम्प्युटरचा कोर्स काय, कुठल्याही छावणीत करता येतो. शिवाय सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन पोर्टलवर असे कोर्स फुकट आहेत. त्यातला एखादा पुरा करून बघा, गोडी लागते का ते कळेल.

मात्र पहिली ते पाचवीला शिकवायचं मनात असेल तर बीएड चालत नाही, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलाय. तिथे डीएलएड ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. तुम्ही सहावीच्या पुढचं गणित-विज्ञान धरा. सीटीईटी या केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपरही द्या, तो सहावी ते आठवीसाठी असतो, प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. मग बदलीच्या गावी आर्मी पब्लिक स्कूल असेल तर तिथेही अर्ज करता येईल.

आता पैसे. क्लासच्या दीड लाखावर १८% जीएसटी धरला की १,७७,००० होतात. 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते, हेही कर्जच. क्लास मधेच सोडला तरी हप्ते सुटत नाहीत. 'जॉब गॅरंटी'च्या अटी लेखी मागून बघा, बऱ्याच क्लासवाल्यांचा आवाज तिथेच बसतो.

बीएडची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, विनाअनुदानित कॉलेजांचे आकडे त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. अनुदानित कॉलेज मिळालं तर उत्तमच. एफडी मोडू नका. पहिल्या वर्षाच्या फीपुरतं तिच्यावर कर्ज काढा, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं. दुसऱ्या वर्षाची फी पगारातून दरमहा बाजूला टाका. पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळेल असं कुणी सांगेल. ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना असते, हिशेबात धरू नका.

सीईटीचा (बीएडच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरण्याआधी एक ठरवा: दिवसभर मुलाला कोण सांभाळणार? पत्रात ते नाही, आणि हजेरी सगळी त्यावर आहे.