वाचकांचे प्रश्न : दिमोना कुणी ठरवलं?

प्रश्न : रास्ता पेठेत आमच्या वाड्यात एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, बिऱ्हाड होतं. साठच्या दशकात ते इस्रायलला गेलं आणि दिमोनात स्थायिक झालं. आई अजून हळहळते, "अलिबागेकडची, नारळ-सुपारीत वाढलेली माणसं. त्यांना वाळवंटात कुणी नेऊन टाकलं?" जागा त्यांनीच निवडली होती का?
*— एक वाचक, रास्ता पेठ*

उत्तर : आईंना सांगा, जागा बहुधा नकाशावर आधीच ठरलेली होती. नोकरीभर मी नगररचना विभागात असेच नकाशे रंगवले: राहायला पिवळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. त्यामुळे त्या नकाशाबद्दल मला जरा जास्तच कुतूहल आहे.

इस्रायल 14 मे 1948 रोजी स्थापन झाला. त्या वर्षअखेरीस लोकसंख्या आठ लाखांच्या घरात होती, 1951 सरता सरता ती पंधरा लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसं ठेवायची कुठे? 1950 पासून तंबूंच्या आणि पत्र्याच्या छावण्या उभ्या राहिल्या, दोन लाखांहून जास्त लोक त्यांत दिवस काढत होते. पंतप्रधानांच्या कार्यालयात नियोजन विभाग निघाला आणि त्याची सूत्रं आर्ये शारोन या वास्तुरचनाकाराकडे आली. हे गृहस्थ आधी सामूहिक शेतीच्या वसाहतीत राहिलेले, मग जर्मनीतल्या डेसाऊच्या बाउहाउस या वास्तुकला-शाळेत शिकलेले. 1951 मध्ये त्यांचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात साडेसव्वीस लाख लोकसंख्या गृहीत धरून देशाचे 24 विभाग पाडले होते.

देश केवढा? तेव्हाच्या सीमांनुसार आपला पुणे जिल्हा आणि वर अर्धा सातारा. त्यातला अर्ध्याहून मोठा भाग नेगेवचं वाळवंट. ज्यू वस्ती मात्र तेल अवीव ते हैफा या किनारपट्टीत एकवटलेली. शारोन यांचं निदान मला आजही बिनचूक वाटतं: मोठी शहरं आहेत, छोट्या शेतवसाहती आहेत, पण मधली पायरीच नाही. आपल्याकडचं बारामती किंवा फलटण जे काम करतं, ते करणारं गाव तिथे जवळपास नव्हतं. म्हणून खेड्यापासून शहरापर्यंत वस्त्यांच्या पाच श्रेणी ठरल्या आणि मधल्या श्रेणीची नवी गावं आखली गेली.

यामागे हिशोबाइतकंच संरक्षणही होतं. सीमेलगतची आणि मोकळी जमीन माणसांनी भरलेली सरकारला हवी होती. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

आता दिमोना. मृत समुद्राच्या दक्षिण टोकाला क्षारांचा कारखाना होता. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर खाली, भट्टीसारखी तापणारी. कामगारांना राहण्यासाठी वरच्या पठारावर 1955 मध्ये दिमोना वसवायला घेतलं. पहिली कुटुंबं उत्तर आफ्रिकेतून आलेली होती. पुढे कापडगिरणी निघाली आणि भारतातून गेलेल्यांचीही मोठी वस्ती झाली. तिथे मराठी बोललं गेलं, क्रिकेट खेळलं गेलं.

1954 पासून धोरणच असं होतं की हैफा बंदरात बोट लागली की माणसांना ट्रकमध्ये बसवून थेट नेमून दिलेल्या गावी न्यायचं. छावणीचा टप्पाच नको. ट्रक मुक्कामाला पोचल्यावर समोरचा ओसाड माळ पाहून उतरायला नकार देणारी कुटुंबंही होती. ज्यांच्याकडे पैसा होता, ओळखीपाळखी होत्या, युरोपातून आधी आलेले नातलग होते, ते तेल अवीवच्या आसपास राहिले. मोरोक्को, इराक आणि आपल्या कोकणातून गेलेल्यांच्या वाट्याला आराखड्यातली गावं आली. कागदावर ही 'लोकसंख्येची विभागणी' होती. प्रत्यक्षात, ज्याला नाही म्हणता येत नव्हतं तो दूर गेला.

गावं रखडली त्याचं एक कारण तर फार शिकण्यासारखं आहे. आजूबाजूचे शेतकरी या मधल्या गावात बाजाराला येतील, दवाखाना-शाळा-दुकानं त्यांच्यावर चालतील, असा आराखड्याचा भरवसा होता. पण सामूहिक वसाहतींचे स्वतःचे खरेदी-विक्री संघ आधीपासून भक्कम होते. दूध, भाजी थेट मोठ्या शहरात जायची आणि बी-बियाणं तिथूनच यायचं. शेजारच्या नव्या गावात त्यांचं काहीच अडत नव्हतं.

दुसरं कारण उन्हाचं. घरं विरळ, मधे हिरवाई, ही बागशहराची कल्पना इंग्लंडच्या पावसाळी हवेत जन्मलेली. ती नेगेवमधल्या बेरशेबा गावी नेल्यावर मधल्या हिरवाईच्या जागी धूळच राहिली आणि बायांना पिशव्या घेऊन उन्हातून दुकान गाठावं लागलं. साठच्या दशकात तिथेच दाटीची, सावलीच्या गल्ल्यांची नमुना वस्ती बांधून पाहिली. कसब्यातल्या बोळांत दुपारी फिरलेल्या माणसाला हे आधीच सांगता आलं असतं, पण नियोजनकाराला बोळ दिसला की तो रुंद करायची घाई होते. मीही त्याच पंथातला.

प्रश्न : जमीन खरंच मोकळी होती का?
*— एक वाचिका, कोथरूड*

उत्तर : नाही. 1948 च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले आणि चारशेहून जास्त गावं ओस पडली. बेरशेबा हे तर अरबांचंच गाव होतं. आराखडा तयार होताना या जमिनी रिकाम्या म्हणून मोजल्या गेल्या. मागे उरलेले बहुसंख्य अरब नागरिक 1966 पर्यंत लष्करी अंमलाखाली होते. उत्तरेकडच्या गॅलिली भागात 'वरचं नाझरेथ' (1957) आणि कार्मिएल (1964) ही नवी गावं वसवताना अरबबहुल भागात ज्यू वस्ती वाढवणं हाच उद्देश होता आणि त्यासाठी अरब गावांच्या जमिनी संपादित झाल्या. नकाशाची तारीफ करताना ही बाजू वगळली तर ती तारीफ खोटी ठरते.

प्रश्न : मी नियोजनाचा विद्यार्थी आहे. पुण्यावरचा भार कमी करायला महाराष्ट्राने 1960 नंतर असं का केलं नाही?
*— एक विद्यार्थी, शिवाजीनगर*

उत्तर : प्रयत्न झाले बरं. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं, 1964 पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलती मिळू लागल्या, 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला, 1970 मध्ये सिडको. पण उद्योजकाने सवलतीचा कागद वाचला आणि पिंपरी-भोसरी गाठली. मुंबई जवळ, रेल्वे दारात, पाणी आहे, शिकलेले हात आहेत. 1954 पासून पिंपरीत सरकारी पेनिसिलीनचा कारखानाही होताच.

इस्रायलमध्ये जमिनीचा मालक, घर बांधणारा आणि बऱ्याचदा नोकरी देणारा, तिन्ही सरकार किंवा त्याच्या सोबतच्या संस्था. येणारा माणूस रिकाम्या हाताने बोटीतून उतरलेला. आपल्याकडे जमीन सातबाऱ्यावर असंख्य नावांची, आणि नागरिकाला देशात कुठेही राहायचा घटनेने दिलेला हक्क. लातूरच्या मुलाला हडपसरला येऊ नकोस असं कुठलाही आराखडा सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. त्याला लातुरात ठेवायचं तर तिथे नोकरी हवी आणि तिथलं कॉलेज त्याला परवडेल असं हवं.

प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर जनगणनेतले 'डी' मालिकेचे स्थलांतराचे तक्ते काढा. पुणे जिल्ह्यात आलेला माणूस कुठून आला आणि काय कारण सांगतो, ते त्यात आहे. बायकांचे आकडे वेगळे वाचा. लग्न हे कारण इतकं मोठं असतं की नोकरीसाठी आलेल्या बाया एकत्र बेरजेत दिसेनाशा होतात.