पत्रपेटीवर आडनाव लावलंत का?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं जर्मनीतली आहेत, किंवा तिकडे मुलं असलेल्या आईवडिलांची. मी स्वतः स्टुटगार्टजवळ राहते त्यामुळे उत्तरं द्यायला मला सोपं गेलं. नावं छापू नका असं तिघांनी लिहिलंय म्हणून मग कुणाचंच छापलं नाही.

ताई, पुण्याहून येऊन महिना झाला. ब्लू कार्डवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर, जॉब आहे, पत्त्याची नोंदणी म्हणजे ते आनमेल्डुंग पण पहिल्याच आठवड्यात केलं. पण टॅक्स आयडीचं पत्र काही येत नाहीये आणि एचआरवाली रोज विचारते. सध्या एकाच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहतोय.

अरे, आधी खाली जा आणि पत्रपेटी बघ. तिच्यावर तुझं आडनाव आहे का? नसणार, मी पैज लावते. आपल्याकडे पोस्टमन विचारतो, वॉचमनला माहीत असतं, शेजारच्या काकू पाकीट ठेवून घेतात. इथे फ्लॅट नंबर नावाचा प्रकारच बहुतेक बिल्डिंगांत नाही, पोस्टमन फक्त पेटीवरचं नाव बघतो, नाव नसेल तर पाकीट परत. मी आले तेव्हा आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं आणि माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं, आणि मी आपली बँकेला शिव्या घालत बसले होते.

तर एका कागदावर पासपोर्टवर आहे तेच स्पेलिंग, तेच आडनाव लिही, मालकाच्या नावाखाली सेलोटेपने चिकटव, आणि मालकाला सांगून कर नाहीतर तो काढून टाकेल. मग टॅक्स आयडी परत पाठवा म्हणून केंद्रीय कर कार्यालयाला ऑनलाइन अर्ज करता येतो, तो नंबर ते फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत, परत पत्रानेच येतो. घाई असेल तर पासपोर्ट घेऊन जवळच्या फिनान्सआम्टमध्ये म्हणजे टॅक्स ऑफिसात जाऊन बघ. आयडी नसेल तर कंपनी सहाव्या टॅक्स क्लासने पगार कापू शकते, तो सगळ्यात जास्त कापणारा क्लास. पैसे नंतर परत मिळतात पण पहिल्याच महिन्यात स्लिप बघून धसका बसतो.

आणि घर बदलशील तेव्हा पुन्हा दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करायची, त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. तो द्यायला जो मालक का-कू करतो त्याचं घर घेऊच नकोस, कितीही स्वस्त असलं तरी.

म्युनिकमध्ये असते. माझं रेसिडेन्स कार्ड 14 नोव्हेंबरला संपतंय, परवाने देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट थेट जानेवारीतली मिळालीय आणि डिसेंबरात कोल्हापूरला सख्ख्या भावाचं लग्न आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर निम्मे म्हणतात बिनधास्त जा, निम्मे म्हणतात परत घेणार नाहीत. काय करू?

अगं दोन्ही निम्मे बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या कागदांबद्दल बोलतायत आणि त्यांना ते माहीत नाही.

पहिली गोष्ट, मुदतवाढीचा अर्ज 14 नोव्हेंबरच्या आधी गेला पाहिजे. अपॉइंटमेंट नंतरची असली तरी चालेल पण अर्ज आधीचा हवा, ऑनलाइन भरला असशील तर पोच म्हणून आलेला ईमेल प्रिंट करून ठेव. दुसरी गोष्ट, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग माग. नाव ऐकून घाबरू नकोस, तुझा अर्ज विचाराधीन आहे एवढंच सांगणारा घडीचा कागद आहे तो, 13 युरो पडतात. लग्नाला जायचंय म्हणून डिसेंबरच्या आधी हवाय असं स्पष्ट लिहून माग, तिकीट जोड, नुसतं "लवकर द्या" लिहिलंस तर कुणी ढुंकून बघणार नाही.

आता खरी मेख. त्या कागदाच्या आत तीन चौकोन असतात आणि त्यातल्या एकावर फुली असते. इथल्या परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यातल्या कलम 81 चा परिच्छेद 4 लिहिलेल्या चौकोनावर फुली असेल तर त्याचा अर्थ तुझा जुना परवाना अजून चालू आहे असं धरलंय, म्हणजे जाऊन परत येता येतं. परिच्छेद 3 वाल्या चौकोनावर असेल तर जर्मनीत राहायला हरकत नाही, पण बाहेर गेलीस तर त्या कागदावर परत येता येत नाही. तुझ्याकडे आधीचं कार्ड आहे आणि अर्ज वेळेत केलास तर 4 वालाच मिळायला हवा, पण माणसं चुकतात, म्हणून काउंटर सोडायच्या आधी तिथेच उभी राहून कागद उघड आणि फुली कुठेय ते बघ. घरी येऊन बघितलंस की पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा दोन महिने.

जाताना पासपोर्ट, जुनं कार्ड आणि हा कागद तिन्ही हँडबॅगेत ठेव, सुटकेसमध्ये नको. परतीचं विमान मुंबईहून थेट म्युनिक किंवा फ्रँकफर्टचं घे, पाच-सात हजार जास्त गेले तर जाऊ देत. मला एकदा मुंबईत चेक-इनच्या पोराने हा कागद उलटासुलटा करून "मॅडम व्हिसा कुठेय" विचारलं होतं, मग त्याने सुपरवायझरला बोलावलं, त्याने कुठेतरी फोन लावला, पाऊण तास गेला आणि मागची रांग मला खाऊ की गिळू बघत होती. त्यामुळे एअरपोर्टवर चार तास आधी जा आणि त्या फुलीवर बोट ठेवून दाखवायची तयारी ठेव.

जाता जाता, पासपोर्टची मुदत पण बघ. नवीन कार्ड पासपोर्टच्या मुदतीपुढचं देत नाहीत, तेव्हा पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर आधी तो नवा करून घे.

मुलगा डार्मस्टाटला असतो. आम्ही दोघं 1 एप्रिलला तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. सून म्हणते मध्ये चार दिवस दुबईला जाऊन या म्हणजे पुन्हा तीन महिने मिळतील. खरं का? आणि जाताना तूप नेता येतं का?

काका, सूनबाईंचा हेतू चांगला आहे पण हिशोब चुकलाय. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांचा, नियम 180 दिवसांत 90 दिवस असा आहे आणि तो कुठल्याही दिवशी मागे 180 दिवस मोजून बघतात, बाहेर जाऊन आलं म्हणून पाटी कोरी होत नाही. जायचा आणि यायचा दिवसही धरतात. 1 एप्रिलला उतरलात तर 29 जून हा नव्वदावा दिवस, त्या दिवशी निघायलाच हवं, "एप्रिल, मे, जून म्हणजे तीन महिने" म्हणून 30 चं तिकीट काढलंत तर एक दिवस जास्त होतो. पुन्हा मुक्काम 28 सप्टेंबरपासून, तोही व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आणि तेव्हा चालू असेल तर. व्हिसावर तारखा वेगळ्या आणि दिवसांचा आकडा वेगळा असतो. तारीख सहा महिन्यांची आणि आकडा 60 असला तर तुम्हाला साठच दिवस मिळालेत. शिक्का मिळाला की आधी तो आकडा वाचा, मग तिकीट पक्कं करा.

विमा किमान 30,000 युरोचा लागतो. पण व्हिसापुरता सगळ्यात स्वस्त घेऊ नका, बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्याबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते मुलाकडून वाचून घ्या. गोळ्या तीन महिन्यांच्या, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

तुपाचं म्हणाल तर नाही नेता येत. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बाकरवडी खुशाल न्या. तूप सूनबाई तिकडचं लोणी आणून घरी कढवतील, मी तेच करते, रवाळ होतं अगदी.

टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी दर महिन्याला 18.36 युरो मागणारी पत्रं येतायत. फ्रॉड आहे का?

नाही. इथल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीची घरटी फी आहे ती, टीव्ही असो नसो. चौघं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याच्या फीच्या खात्याचा नंबर कळवायचा. पत्रं फेकून देऊ नका, दंड चढतो आणि मग वसुलीवाले येतात.

जर्मनीत नऊ वर्षं झाली, आता नागरिकत्व घ्यावं असं बायको म्हणते. आता दोन पासपोर्ट ठेवता येतात ना? माझी साताऱ्याला वडिलोपार्जित तीन एकर आहे, सातबारावर माझं नाव आहे. ते जाईल का?

दोन पासपोर्टचं अर्धंच खरं आहे. जर्मनीने जून 2024 पासून जुनं नागरिकत्व सोडायची अट काढली, पण भारताने काही काढलेली नाही. 1955 च्या आपल्या कायद्याप्रमाणे तुम्ही दुसरं नागरिकत्व घेतलंत त्या क्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, मग पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, घ्यायचं. जुना पासपोर्ट खिशात ठेवून त्यावर गावी जाऊन आलो अशा बढाया मी ऐकल्यात, तो गुन्हा आहे.

जमीन जात नाही. वारसाने आलेली शेती ओसीआयवाल्याला ठेवता येते, पुढेही वारसाने येऊ शकते. विकत मात्र घेता येत नाही, म्हणजे शेजारचं एक एकर निघालं तरी तुम्ही नाही. आणि हे कळल्यावर बरेच जण चमकतात, पण परदेशात स्थायिक असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही शेतजमीन विकत घेता येतच नाही, म्हणजे ते तुम्हाला आजही बंदच आहे. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या महाराष्ट्रात तो शेतकरीही असावा लागतो.

मी तुमच्या जागी असते तर अर्जाआधी गावी एक चक्कर मारून वडिलांच्या पश्चात वारसनोंद नीट झालीय का, फेरफार मंजूर आहे का, सातबारावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे का हे बघून घेतलं असतं. सातबारावर "बाळू" आणि पासपोर्टवर "बाळासाहेब" असे घोळ असतात आणि ते तलाठ्यासमोर बसून जितके पटकन मिटतात तितके इथून मिटत नाहीत. भावाला कुळमुखत्यारपत्र देणार असाल तर ते इथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये साक्षांकित करून पाठवा आणि ते तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला भावाला सांगा. माझ्या आतेभावाने ते कपाटात ठेवून दिलं आणि पाच महिन्यांनी काढलं. मग पुन्हा पहिल्यापासून.