वूडलँड गणवेशाचे रंग खऱ्या कापडाशी जुळवूनही आकृती काळपट का दिसते?

आपण १:३५ प्रमाणातील अमेरिकी सैनिकाच्या छोट्या प्रतिकृतीवर वूडलँड गणवेशाचे (म्हणजे झाडीत लपण्यासाठी रंगीत ठिपक्यांची नक्षी असलेल्या लष्करी गणवेशाचे) रंग खऱ्या कापडाच्या तुकड्याशी जुळवून घेतले आणि तरीही आकृती काळपट दिसते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते चूक रंग जुळवण्यात झालेली नाही; जुळवलेले रंग तसेच्या तसे वापरण्यात ती झाली आहे. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस या प्रमाणात अवघा पाच सेंटिमीटरचा होतो, म्हणजेच जणू खऱ्या माणसालाच आपण बरेच अंतर राखून पाहत असतो, आणि अंतर वाढले की गडद रंग फिकट होतात व रंगांमधील विरोध मावळतो. हा परिणाम आपल्यालाच रंगात मिसळावा लागतो.

१९८१ मध्ये वापरात आलेल्या या गणवेशात हिरवा, तपकिरी, वाळूसारखा खाकी आणि काळा असे चार रंग आहेत. माझी पद्धत अशी की, त्यांतील सर्वांत फिकट असलेला खाकी आधी ठरवायचा आणि तोच थोडा थोडा हिरव्यात व तपकिरीत मिसळायचा. रंग उजळण्यासाठी पांढरा वापरण्याचा मोह होतो, परंतु पांढऱ्याने हिरवा खडूसारखा निस्तेज होतो. खाकीने मात्र तो उजळतो आणि सगळे रंग एकाच कापडावरचे वाटू लागतात. काळा तर बाटलीतून थेट कधीच घेऊ नये. गडद करड्यात किंचित तपकिरी घालून केलेले मिश्रण आकृतीवर पुरेसे काळे दिसते. (माझी पहिली आकृती शुद्ध काळ्यामुळे चिखलातून ओढून काढल्यासारखी झाली होती, आणि दोष मी बराच काळ ब्रशला देत राहिलो.)

गणवेश नवा आहे की वापरलेला, हेही आधी ठरवावे, कारण ऊन आणि धुलाई यांमुळे कापड विटते आणि तेव्हा खाकीचे प्रमाण आणखी वाढवावे लागते. खांदे व गुडघे इतर भागांपेक्षा थोडे अधिक विटलेले दाखवणे उचित ठरते.

ठिपक्यांचे आकारही प्रमाणात हवेत: कापडावरील चौदा सेंटिमीटरचा पट्टा येथे चार मिलिमीटरचा होतो. छाया-प्रकाश मात्र नक्षी पूर्ण झाल्यावरच द्यावा. चुण्यांत पातळ तपकिरी आणि उंचवट्यांवर अतिशय पातळ खाकी सर्व रंगांवरून एकसारखा फिरवला, तर प्रत्येक ठिपका वेगळा उजळण्याचे कष्ट वाचतात.

ॲक्रिलिक रंग वाळल्यावर बहुधा किंचित गडद होतो आणि चकचकीत पृष्ठभागावर तो आणखी गडद भासतो. त्यामुळे मिश्रण आधी प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर लावून, त्यावर मॅट व्हार्निश देऊन, पूर्ण वाळल्यानंतर हातभर अंतरावरून दिवसाच्या उजेडात पाहावे आणि मगच आकृतीला हात लावावा.