नवजात बाळाला रात्री दुधासाठी उठवायचं, ते कधीपर्यंत?

आजी फोनवरून सांगते, झोपलेल्या बाळाला उठवू नये. हॉस्पिटलमधून निघताना नर्सने बजावलेलं असतं, दर तीन तासांनी पाजा. पहिले दोन आठवडे नर्सचं ऐका.

जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतंच. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० ग्रॅमवर आलं तर घाबरू नका. दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं तर मात्र लगेच तपासून घ्यायला हवं. जन्माचं वजन भरून यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तोवर २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध गेलं पाहिजे: दिवसा दोन-तीन तासांनी, रात्री फार तर चार तासांनी. वेळ मोजायची ती पाजायला घेतल्यापासून. चाळीस मिनिटं पिणाऱ्या बाळाचे तीन तास पिऊन झाल्यावर धरले, तर दिवसाकाठी एखाद-दुसरी वेळ हुकते.

‘भूक लागली की रडेलच’ हे या दिवसांत खरं नसतं. पोटात दूध कमी गेलं की बाळ पेंगतं आणि पेंगलं की आणखी कमी पितं. कावीळ असली तर जास्तच. अमेरिकेत नॉर्मल डिलिव्हरीनंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, ब्रिटनमध्ये कधी कधी त्याच दिवशी. कावीळ वाढते ती बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे तुम्ही घरी एकटे असताना. सावळ्या अंगावर पिवळेपणा चटकन कळत नाही. बाळाला खिडकीपाशी उजेडात घेऊन डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या पाहा.

उठवताना दुपटं सोडा, कपडे काढून फक्त डायपरवर आईच्या उघड्या छातीशी घ्या. हीटर लावलेल्या खोलीत गुंडाळून ठेवलेलं बाळ हमखास झोपेतच राहतं. तळपाय चोळा, ओठांना दुधाचे दोन थेंब लावा. एका बाजूला पिता पिता डोळा लागला तर डायपर बदला आणि दुसऱ्या बाजूला घ्या. दिवा मंदच असू द्या, प्रखर उजेडात बाळ डोळे मिटून घेतं.

दूध पुरतंय का, हे डायपर सांगतात. पाचव्या दिवसापासून रोज निदान सहा चांगले भिजलेले हवेत आणि काळी शी पिवळी झालेली हवी. वजन भरून आलं, पुढेही नीट वाढतंय आणि डॉक्टर हो म्हणाले, की रात्री उठवणं बंद करा. चार-पाच तासांची एखादी सलग झोप मग चालते, दिवसाची मोजणी पुरी होत असेल तर. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांचं वेळापत्रक डॉक्टरांकडूनच घ्या.

वरचं दूध देत असाल तर डब्यातलाच चमचा वापरा. अमेरिकेत बहुतेक पावडरींना ६० मिलीला एक चमचा लागतो. ब्रिटनच्या आणि भारतातून आणलेल्या डब्यांना सहसा ३० मिलीला एक. रात्री तीन वाजता सवयीने चुकीचं माप पडतं. दूध पातळ झालं तर बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं सोडियम उतरू शकतं. घट्ट झालं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. माप डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

हे सगळं करूनही बाळ जागं होत नसेल, लागोपाठ दोनदा प्यायलं नसेल किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.