वाचकांचे प्रश्न : लातूरला विमान का नाही?

प्रश्न : लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही, आम्हाला हैदराबाद गाठावे लागते. आमच्याप्रमाणेच जुन्या हैदराबाद संस्थानात असलेल्या कलबुर्गीत मात्र २०१९ मध्ये विमान सुरू झाले. हा फरक कशामुळे?
– एक वाचक, निलंगा

उत्तर : फरक प्रामुख्याने जबाबदारी कोणी घेतली याचा आहे. कलबुर्गीचे कामही आधी खासगी कंपनीकडेच होते. ते रखडल्यावर कर्नाटक सरकारने ते काढून घेतले, सार्वजनिक बांधकाम खात्याकडून विमानतळ पूर्ण करून घेतला, भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे चालवण्यास सोपवला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथून बंगळूरची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात २००९ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ ही पाच विमानतळे एकाच खासगी समूहाला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. जेथे सुरुवातीची अनेक वर्षे तोटाच सोसावा लागणार, तेथे इतका दीर्घ करार करताना विमानसेवेची मुदतबद्ध अट सर्वांत आधी असायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र विमानतळ उभा राहिला म्हणजे विमान टिकतेच असे नाही. नांदेड–हैदराबाद ही सेवा लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, तरी पुढे नांदेडची विमाने काही काळ बंद राहिली. या योजनेत कंपनीच्या तुटीची भरपाई तीनच वर्षे मिळते आणि तिचा २० टक्के वाटा राज्याला उचलावा लागतो. नवा मार्ग रुळायला तीन वर्षे अपुरी पडतात. नॉर्वेत सरकारी कंपनी मोठ्या विमानतळांच्या नफ्यातून लहान विमानतळ चालवते आणि दुर्गम मार्गांसाठी शासन निविदा काढून विमान कंपनीला पैसे देते. अमेरिकेत लहान गावांच्या विमानसेवेला १९७८ पासून केंद्र सरकारचे अनुदान आहे. दोन्हीकडे लहान गावाचे विमान ही कायमची सार्वजनिक सेवा मानली गेली आहे.

म्हणून लातूर आणि धाराशिव या शेजारच्या दोन्ही ठिकाणी थोडा थोडा निधी वाटण्यापेक्षा आधी एकच विमानतळ नीट चालवावा आणि त्याच्या मुंबई मार्गाची तूट केंद्राची मुदत संपल्यावरही राज्याने आपल्या अर्थसंकल्पातून भरावी, असे आम्हाला वाटते.