‘पाच वर्षांनी परत जाऊ’ हे काय ध्येय झालं?

“मावशी, पोरगं नववीत गेलं तरी पुढं काय करायचं ते ठरवत नाही, ह्या काळजीनं झोप लागत नाही,” असं टोरांटोहून आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका लेकीनं लिहिलंय. तीन पानी पत्रात पोराचं ध्येय अकरा वेळा आलंय, मी मोजलं. तुझं स्वतःचं एकदापण नाही गं!

शेवटी लिहितेस, “तसं आम्ही पाच वर्षांनी परत येणारच आहोत.” व्हय, येणारच. हेच वाक्य मी अमेरिकेत एकोणीस वर्षं दर डिसेंबरात ऐकलं. ह्यांनी राजारामपुरीत फ्लॅट घेऊन ठेवला, कुलूप गंजून शेवटी तोडावं लागलं तरी आमचं आपलं ‘पुढच्या वर्षी नक्की’, आणि त्या नादात मी तिथं काहीच शिकले नाही, साधी गाडीसुद्धा नाही, म्हटलं जायचंच आहे तर कशाला. एक्कावन्नाव्या वर्षी कॅलेंडरवर लिहिलं, दिवाळीच्या आत लायसन्स. दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा रडत घरी आले तर लेकीनं कधी नव्हे तो चहा करून दिला आणि त्याच रात्री स्वतःहून सांगितलं की गणितात तिचं नेमकं कुठं अडतंय. तोवर वर्षभर मी तिच्या मागं लागून घसा कोरडा केलेला.

आणि खाशाबा जाधवांचं तर लहानपणापासून ऐकलंयस ना? १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला कुस्तीत सहावे आले, मातीत घडलेला गडी, मॅटची सवयच नव्हती. पण मग ‘बघू पुढं’ म्हणून बसले नाहीत, चार वर्षं घाम गाळला आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ! राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं, पण कुस्ती खाशाबांची होती, सरांनी ठरवून दिलेली नव्हे. तू उलटं करायलीस, गडी तयार नाही आणि तू घर गहाण टाकून बसलीस.

तेव्हा महिनाभर पोराला काही विचारू नकोस. कथ्थक लग्नानंतर सुटलं असं तूच एका ओळीत लिहून पुढं गेलीस, ते काढ बाहेर, तारीख घाल आणि फ्रीजवर चिकटव.

बाकी, सासूबाईंना तिकडं जास्त दिवस राहता यावं म्हणून तो सुपर व्हिसा असतो ना, त्याचं वकिलाला विचार, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कांदा-लसूण चटणी सुट्टीला आलीस की ने, पण डबल पिशवीत, नाहीतर साड्यांना वर्षभर वास.