धुलाईचं मशीन आणि जूनची एफडी

तुर्भ्याच्या एका गॅरेजमालकांचा प्रश्न आहे. एपीएमसीत माल वाहणाऱ्या पिकअप-टेम्पोंची इंजिनं ते खोलतात, महिन्याला साधारण चार. सुटे भाग अजूनही रॉकेल-डिझेलच्या घमेल्यात ब्रशने घासले जातात. गरम पाण्याचा फवारा मारणारं बंद मशीन २,८०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३०,४०० रुपयांना मिळतंय. हाताशी ४ लाखांची एफडी आहे, पण ती जूनमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राखून ठेवलेली. मोडू का, असं ते विचारतात.

दादा, एफडीला हात लावू नका. मशीन घ्यायचं की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्या वहीत आहे.

तुम्ही पाठवलेला हिशेब असा: लेथवाल्याकडे कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोड्याच्या) धुलाईला इंजिनमागे १,५०० प्रमाणे महिन्याचे ६,०००, रॉकेल-डिझेलचे २,४०० आणि १६,००० पगाराच्या पोऱ्याचे धुण्यात जाणारे आठ दिवस, म्हणजे सुमारे ४,९००. एकूण १३,३००. म्हणून २५ महिन्यांत मशीन वसूल.

यातले ४,९०० मी खोडले. मशीन आलं म्हणून पोऱ्याचा पगार कमी होणार आहे का? तो आठ दिवस मोकळा होईल, इतकंच. ६,००० पैकी मी ४,०००च धरतो, कारण ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कातायला, लेथवाल्याकडे जाणारच आणि तिथली धुलाई पूर्ण टळत नाही. वीज आणि धुलाईची पावडर यांचे महिन्याला १,८०० धरा. उरले ४,६००. या वेगाने पैसे सुटायला सहा वर्षं लागतात. जीएसटीत नोंदणी असेल, कंपोझिशनमध्ये (ठोक दराच्या योजनेत, जिथे खरेदीवरचा जीएसटी वळता होत नाही) नसाल, तर ५०,४०० वळते होतील. तरी पाच वर्षं.

चित्र पालटतं ते पाचव्या इंजिनाने. खर्च वजा जाता एका इंजिनामागे ९,००० सुटतात असं तुम्हीच लिहिलंय. मोकळ्या झालेल्या आठ दिवसांत महिन्याला एक जादा काम झालं तर ४,६०० चे १३,६०० होतात आणि तुमचे २५ महिने खरे ठरतात. तेव्हा वही काढा आणि मोजा: गेल्या सहा महिन्यांत ‘जागा नाही, पुढच्या आठवड्यात या’ म्हणून किती टेम्पो परत पाठवले? सहा-सात असतील तर मशीनला अर्थ आहे. एक-दोनच असतील तर पोऱ्या मोकळा बसेल आणि मशीनही.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली गोष्ट. वर्षभरात दोन इंजिनं परत आली, बेअरिंग खाल्लेली, आणि २२,००० खिशातून गेले. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण हा खर्च मशीनने थांबेलच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या ठाण्याच्या एका गॅरेजवाल्याने असलंच मशीन घेतलं; ब्लॉक बाहेरून आरशासारखा, आणि ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधून बेअरिंगपर्यंत तेल नेणाऱ्या भोकांत) पॉलिश पेपरची पूड तशीच. फवारा त्या लांब, बंद भोकांत नीट पोचत नाही. गॅलरीचे प्लग काढावे लागतात, आतून लांब ब्रश फिरवावा लागतो, मग हवा मारायची. होनिंगनंतर (सिलिंडर आतून दगडाने घासल्यावर) सिलिंडर रॉकेलने पुसला की दगडाची पूड निघत नाही, पसरते. गरम पाणी आणि साबणाने घासायचं, पांढरं फडकं फिरवून ते काळं पडेनासं होईपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरतो. या सगळ्याला ब्रशांचे काही शे रुपये लागतात. (पोऱ्याला हेही सांगून ठेवा की अ‍ॅल्युमिनियमचं हेड कॉस्टिकमध्ये बुडवायचं नाही, कॉस्टिक ते खातं. हेड नवीन घ्यावं लागलं तर कुठलाही हिशेब जुळणार नाही.)

म्हणून आधी छोटी पायरी. भाग धुवायला लोखंडी टाकी, जाळी, पंप, गाळ खाली बसायला जागा. रबाळे-महाप्यातल्या दोन फॅब्रिकेटरांकडून कोटेशन घ्या, माझ्या अंदाजाने ४०,००० च्या आत बसावं. ते चालू कमाईतून काढा. टाकीत साबणाचं पाणीच वापरा, रॉकेल तापवायचं नाही. खालचा तेलकट गाळ गटारात सोडू नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं.

तीन महिने महिन्याला पाच इंजिनं निघाली तर मोठ्या मशीनसाठी सरकारच्या मुद्रा योजनेच्या किशोर गटातून कर्ज बघा. तिथे ५०,००० ते ५ लाखांपर्यंत विनातारण मिळतं. ३ लाख, ११ टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता साधारण ९,८२० येतो. पाच इंजिनांच्या १३,६०० मधून तो निघेल, चारच्या ४,६०० मधून नाही. एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ती तारण ठेवून उचल) स्वस्त पडेल असं बँकेत सांगतील, आणि ते खोटंही नाही. पण जूनपर्यंत फिटला नाही तर तीच एफडी वळती होईल आणि फी भरायच्या दिवशी तुम्ही उसने मागत फिराल.

आणि डेमोला जाल तेव्हा त्यांनी मांडलेला चकचकीत ब्लॉक बघून येऊ नका. आपला एक जुना, कार्बन धरलेला ब्लॉक टेम्पोत टाकून न्या, त्यांच्याच मशीनमध्ये धुवायला लावा, आणि बाहेर आला की गॅलरीचा प्लग काढून आत टॉर्च मारा.